रेल्वे हुकली, माणसं पांगली. तरी ‘निकोडेमस’ टिकलं कसं?

अमेरिकेत ज्या वस्तीला स्वतःची नगरपालिका किंवा महापौर नसतो, तिला ‘अनइनकॉर्पोरेटेड कम्युनिटी’ म्हणतात. तिचा कारभार काउंटी, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखी यंत्रणा पाहते. कॅन्सस राज्यातलं निकोडेमस हे असंच एक छोटं गाव.

अमेरिकेत १८६५ मध्ये गुलामगिरी संपली, पण दक्षिणेत कृष्णवर्णीयांवरचे अत्याचार थांबले नाहीत. १८७७ मध्ये केंटकीतून शेकडो जण हक्काच्या जमिनीसाठी इथे आले. जाहिरातीत सुपीक प्रदेशाचं वर्णन होतं. समोर दिसलं उघडं माळरान. घरासाठी लाकूडही मिळेना, म्हणून लोक जमीन खोदून त्यात राहिले. अनेकांनी परतीची वाट धरली. पहिल्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज आदिवासींनी दिलेल्या अन्नाचा उरलेल्यांना आधार झाला.

दहा वर्षांत गावात दुकानं, शाळा, चर्च आणि दोन वर्तमानपत्रंही उभी राहिली. पण १८८८ मध्ये रेल्वेमार्ग गावाला टाळून गेला. पाठोपाठ व्यापारीही नदीपलीकडे, रेल्वेजवळच्या नव्या गावात गेले.

२०२० च्या जनगणनेत निकोडेमसमध्ये उरले होते अवघे १४ रहिवासी. मात्र १९९६ पासून हे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. दरवर्षी जुलैअखेरीस पहिल्या रहिवाशांचे वंशज देशभरातून इथे जमतात आणि गाव पुन्हा भरून जातं.