हिंगणघाटला थांबलेला नकाशाकार

चंद्रपूरहून नागपूरला रेल्वेने जाताना हिंगणघाट लागते. लहानपणी मला हे गाव ठाऊक होते ते कापसासाठी. भारताच्या शास्त्रशुद्ध नकाशाचा पाया घालणाऱ्या माणसाला येथेच पुरले, हे कळायला मात्र माझी पन्नाशी उजाडली.

त्याचे नाव विल्यम लॅम्ब्टन. एप्रिल १८०२ मध्ये त्याने मद्रासजवळ सेंट थॉमस टेकडीपाशी जमीन मोजायला घेतली. जवळ शंभर फुटांची पोलादी साखळी होती. ती मुळात चीनच्या बादशहाकडे नजराणा म्हणून गेलेली. त्याने नाकारली म्हणून फिरत फिरत हिंदुस्थानात आली. साडेसात मैलांची एक सरळ रेषा मोजायला ५७ दिवस लागले. बालमित्रांनो, तुम्ही म्हणाल, एवढे दिवस? पण पोलाद उन्हाने लांबते. म्हणून साखळी लाकडी पेट्यांत आडवी ठेवायची, शेजारी तापमापक लावायचे आणि मगच माप नोंदवायचे. असे सुमारे ४०० वेळा!

पुढची युक्ती तुमच्या भूमितीच्या पुस्तकात आहे. त्रिकोणाची एक बाजू आणि तिच्या दोन टोकांचे कोन कळले, की उरलेल्या बाजू गणिताने निघतात. तेथे साखळी ओढावी लागत नाही. निघालेल्या बाजूवर पुढचा त्रिकोण उभा करायचा, त्यावर आणखी पुढचा.

कोन मोजायचे थिओडोलाइट अर्ध्या टनाचे होते. दूरचे दिसावे म्हणून ते उंचावर न्यावे लागे. १८०८ मध्ये तंजावरला बृहदीश्वराच्या उंच शिखरावर ते चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळले. (तेव्हा तेथे आपले सरफोजीराजे भोसले गादीवर होते.) दुसरा कोणी असता तर विलायतेहून नवे यंत्र येईपर्यंत स्वस्थ बसला असता. लॅम्ब्टनने तंबूत कोंडून घेतले आणि सहा आठवडे खपून वाकलेले चक्र पुन्हा गोल केले. मला तो आवडतो तो यासाठी.

अर्थात, कंपनी सरकारने हा खर्च भूगोलाच्या प्रेमापोटी केला नाही. सारा वसूल करायला आणि फौजा हलवायला नकाशा हवाच होता. टेकड्यांवर निशाणे आणि दिवे धरून उभे राहणारे, यंत्र खांद्यावरून वाहणारे खलाशी इथलेच. जंगलातल्या तापाने त्यांतले कितीतरी गेले. नकाशाच्या कोपऱ्यात त्यांची नावे छापण्याची पद्धत नव्हती.

नागपूरच्या वाटेवर २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटच्या मुक्कामी लॅम्ब्टन वारला. वय सत्तरीच्या आसपास. जॉर्ज एव्हरेस्टने काम पुढे नेले आणि त्रिकोणांची साखळी १८४१ पर्यंत हिमालयाच्या पायथ्याशी पोचवली. १८६५ मध्ये सर्वांत उंच शिखराला त्याचे नाव मिळाले. त्या शिखराची उंची ज्या गणकांच्या आकडेमोडीतून निघाली, त्यांचा प्रमुख राधानाथ सिकदर बंगालचा होता.

ॲटलास उघडा. वर्ध्याच्या आग्नेयेला, वणा नदीच्या काठी, एक छोटा ठिपका दिसेल. तेच हिंगणघाट.