बुळकांडी गेली, लाळ्या खुरकूत का जात नाही?

उचगाव असो वा कोल्हापूर जिल्ह्यातील दुसरे कोणतेही गाव, लाळ्या खुरकूतची लस दर सहा महिन्यांनी टोचायची असते. "मागच्या वेळी टोचली होती की, आता पुन्हा कशाला?" असे अनेक पशुपालक विचारतात. याचे उत्तर दोन रोगांच्या इतिहासात आहे.

बुळकांडीचा विषाणू माणसाच्या गोवराच्या विषाणूचा जवळचा नातेवाईक. ताप, तोंडात व्रण, पाण्यासारखी हगवण आणि थोड्याच दिवसांत मृत्यू, अशी ही साथ गोठेच्या गोठे रिकामे करत असे. जनावरांच्या साथींच्या अभ्यासासाठी १८८९ साली पुण्यात प्रयोगशाळा सुरू झाली. ती १८९३ मध्ये हिमालयातील मुक्तेश्वरला हलवली गेली. तिथे १९२० च्या दशकात जे. टी. एडवर्ड्स यांनी हा विषाणू शेळ्यांमध्ये पुन्हा पुन्हा वाढवून गुरांसाठी सौम्य केला. ही झाली जिवंत, पण दुर्बल केलेली लस.

या विषाणूचा प्रतिकारशक्तीच्या दृष्टीने एकच प्रकार होता. त्यामुळे एका टोचणीचे संरक्षण वर्षानुवर्षे टिके. १९५४ पासून देशभर मोहीम चालली, भारतातील शेवटची साथ १९९५ मध्ये नोंदली गेली आणि २०११ मध्ये जग बुळकांडीमुक्त जाहीर झाले. देवीनंतर पृथ्वीवरून नाहीसा झालेला हा दुसराच रोग.

लाळ्या खुरकूतचे तसे नाही. त्याच्या विषाणूचे सात प्रकार आहेत. आपल्याकडच्या लसीत ओ, ए आणि आशिया-१ हे तीन असतात. एका प्रकाराविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला रोखत नाही. शिवाय ही लस मारलेल्या विषाणूची असल्याने तिचा प्रभाव काही महिन्यांत ओसरतो. म्हणून वासराला चौथ्या महिन्यात पहिली मात्रा, महिन्याने बूस्टर आणि पुढे दर सहा महिन्यांनी लस. २०१९ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ती मोफत मिळते.

काही गोष्टी लक्षात ठेवा:

- लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच ठेवावी. मृत विषाणूची लस गोठली तर निकामी होते.
- लाळ्या खुरकूतची लस स्नायूत, तर देवीवर्गीय रोगांची लस कातडीखाली देतात.
- प्रत्येक जनावराला वेगळी सुई वापरावी. आजारी जनावराबद्दल पशुवैद्यकांना आधी सांगावे.
- सांसर्गिक गर्भपाताची (ब्रुसेलोसिस) जिवंत लस फक्त ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासरांना देतात. ती चुकून माणसाला टोचली गेली किंवा डोळ्यात उडाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

लसीनंतर एक-दोन दिवस दूध थोडे कमी येऊ शकते. पण त्या भीतीने एक फेरी चुकवली, तर पुढची साथ त्याच गोठ्यातून गावभर पसरू शकते.