टोचल्यावर ताप का येतो?

पोराला लस टोचून आणावी, दिवसभर त्याने हुंदडावे आणि दिवेलागणीच्या सुमारास त्याचे अंग तापू लागावे, हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांच्या घरचा आहे. दंड सुजतो, पोर किरकिर करते, आणि मग घरातले एखादे वडीलधारे माणूस हमखास म्हणते, "चांगलं हिंडतंफिरतं पोर होतं, कशाला टोचायला नेलंत?" २०२१ साली कोविडची लस निघाली तेव्हा मोठ्या माणसांनीही एकमेकांना हेच विचारले. कुणी म्हणे, ताप आला म्हणजे लस बाधली. कुणी म्हणे, मला तर काहीच झालं नाही, म्हणजे माझ्या बाटलीत नुसतं पाणीच होतं की काय!

वाचकहो, हा प्रश्न नवा नाही. मुंबई शहराने तो सव्वाशे वर्षांपूर्वी विचारला होता, आणि तेव्हा तो जिवावरचा प्रश्न होता.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात उंदीर पडू लागले. धान्याच्या वखारींचा तो भाग. पाठोपाठ माणसांना ताप येऊ लागला आणि जांघेत, काखेत गाठी दिसू लागल्या. तिथे दवाखाना चालवणारे गोव्याचे डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी हा प्लेग आहे असे स्पष्ट सांगितले. सांगितले ते कुणाला रुचले नाही, परंतु ते खरे होते. पुढच्या काही महिन्यांत माणसे मुंबई सोडून मिळेल त्या गाडीने, बोटीने पळू लागली. पुण्यातही प्लेग पोचला. त्या साथीत रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. सरकारने फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा केला. घरांची झडती, रोग्यांची उचलबांगडी, सामानाची जाळपोळ हे प्रकार सुरू झाले, आणि पुण्यात त्यातून २२ जून १८९७ च्या रात्री काय घडले ते आपण शाळेतच शिकलो आहोत. इस्पितळात नेतात ते मारायलाच, अशी लोकांची समजूत झाली होती. मुंबईच्या आर्थर रोड इस्पितळावर तर १८९६ च्या ऑक्टोबरात गिरणी कामगारांचा जमाव चालून गेला होता.

अशा शहरात एक माणूस सुई घेऊन आला. वाल्डेमार हाफकिन हे त्याचे नाव. जन्म १८६० चा, रशियाच्या साम्राज्यातल्या ओडेसा शहरातला. जातीने ज्यू. ओडेसाच्या विद्यापीठात तो इल्या मेच्निकोव्ह यांचा विद्यार्थी होता, आणि पुढे पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत काम करून त्याने पटकीवर लस तयार केली. ती घेऊन तो १८९३ साली कलकत्त्यास आला होता. मुंबईत प्लेग झाला तेव्हा सरकारने त्याला इकडे बोलावले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात जागा दिली. हाताखाली माणसे किती? एक कारकून आणि तीन शिपाई!

त्याने लस कशी केली ते ऐकण्याजोगे आहे, कारण त्यात आपल्या स्वयंपाकघरातला एक पदार्थ आहे. मांसाचा पातळ रस्सा बाटलीत घालून त्यावर हाफकिन साजुक तुपाचे थेंब सोडी. प्लेगचे जंतू त्या थेंबांना धरून वाढत आणि वडाच्या पारंब्यांसारखे खाली लोंबत. बाटली हलवली की पारंब्या तुटून तळाशी बसत आणि तुपाखाली नव्या फुटत. काही आठवड्यांनी बाटली जंतूंनी गढूळ झाली म्हणजे ती तासभर तापवून जंतू मारायचे आणि वर थोडे कार्बोलिक ॲसिड घालायचे. झाली लस. म्हणजे सुईतून अंगात जात असे तो मेलेला जंतू आणि त्याचे विष. मेलेला जंतू रोग देऊ शकत नाही, परंतु शरीराला त्याची ओळख पटते, एवढीच त्यातली युक्ती.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिनने या लसीचे १० घनसेंटिमीटर स्वतःच्या अंगात टोचून घेतले. मात्रा दांडगी होती. ताप चढला, टोचलेली जागा ठणकू लागली. तरी तो काम करीत राहिला. दुसऱ्याला सुई लावण्याआधी स्वतःला लावायची, ही त्याची रीत पटकीच्या लसीपासूनची होती. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा कैद्यांपैकी जे आपणहून पुढे आले त्यांना टोचण्यात आले. पुढे आले नाहीत ते तसेच राहिले. दोघांचे अन्न एक, कोठड्या एक. टोचून घेतलेल्यांत लागण कमी झाली, हे थोड्याच दिवसांत दिसून आले.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हा ताप येतो कशाने?

हाफकिनच्या गुरूने, मेच्निकोव्ह यांनी, १८८२ साली सिसिलीतल्या मेसिना गावी एक साधा प्रयोग केला होता. तारामाशाच्या काचेसारख्या पारदर्शक पिलाच्या अंगात त्यांनी गुलाबाचा काटा टोचला. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहतात तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा वेढा पडलेला! आपल्या पायात काटा मोडला की तिथे ठणका लागतो, सूज येते, पू धरतो, तो याच वेढ्याचा पसारा. लस टोचल्यावर दंडात हेच घडते. पांढऱ्या पेशी धावून येतात, आलेला ऐवज गिळतात आणि काही द्रव्ये रक्तात सोडतात. ती द्रव्ये मेंदूच्या तळाशी असलेल्या एका छोट्या भागापर्यंत खबर पोचवतात. शरीराची ऊब किती ठेवायची हे तिथून ठरते. खबर पोचली की हा भाग ऊब वाढवण्याचा हुकूम सोडतो. आता गंमत पाहा. अंग ९८ अंशांवर आहे आणि हुकूम झाला आहे १०१ चा. म्हणजे शरीराच्या हिशेबाने आपण गारठलेले असतो! म्हणून हुडहुडी भरते, दात वाजतात, भर उन्हाळ्यात दोन गोधड्या अपुऱ्या पडतात. कापण्याने स्नायूंत उष्णता तयार होते आणि अंग तापते. पुढे हुकूम मागे घेतला जातो, तेव्हा तेच अंग नको इतके गरम वाटते, घाम फुटतो आणि ताप उतरतो. हा ताप आपलाच असतो. बाहेरून आत आलेला नसतो.

तापावर आपण जी गोळी घेतो ती बऱ्याच अंशी या हुकुमाच्या वाटेत आडवी येते. ॲस्पिरिन शुद्ध स्वरूपात जर्मनीत तयार झाले तेही १८९७ सालीच, हा एक योगायोग. ते नेमके काय करते हे मात्र जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवून दिले. तोवर पाऊणशे वर्षे जगाने ते डोळे मिटून गिळले. (लहान मुलांना ॲस्पिरिन देत नाहीत, हे जाता जाता सांगून ठेवतो. डॉक्टर सांगतील तेच औषध द्यावे.)

आणखी एक गोष्ट आपल्या आजीला ठाऊक असते. पायाला ठेच लागून चिघळले की जांघेत अवधाण येते. तिथे ज्या गाठी असतात त्या पांढऱ्या पेशींच्या चौक्या होत. पायाकडून आलेला जंतू पहिल्यांदा तिथे अडवला जातो. पिसू बहुधा पायाला चावते, म्हणून प्लेगची गाठ बहुधा जांघेत येई. उंदरावरची पिसू हा रोग पसरवते हे पॉल लुई सिमाँ याने १८९८ साली कराचीत दाखवले. तोवर बिचाऱ्या हाफकिनच्या काळी गाठ का येते आणि रोग कुठून येतो, या दोन्ही गोष्टी अंधारातच होत्या. दंडावर लस टोचल्यावर काखेत कधी गाठ दुखते, तीही अशीच चौकी. तिथे त्या मेलेल्या जंतूची नीट ओळख करून घेतली जाते आणि त्याच्यावर लागू पडणारी प्रतिद्रव्ये तयार करण्याचे काम सुरू होते. या कामाला मात्र आठवडा, दोन आठवडे लागतात.

हे दिवस फार घातक ठरत. प्लेगचा जंतू अंगात शिरल्यापासून ताप येईपर्यंत दोन ते आठ दिवस जातात. समजा, एखाद्याला सोमवारी पिसू चावली आणि बुधवारी त्याने लस टोचून घेतली. शुक्रवारी गाठ आली. गल्लीत काय बोलणे होणार? "टोचून घेतलं आणि त्यानंच गेला!" शेजाऱ्याच्या डोळ्यांसमोर घडलेली ही गोष्ट, तिच्यापुढे तुरुंगातले आकडे कोण ऐकणार? त्या लोकांना अडाणी म्हणून हसणे सोपे आहे. मला ते योग्य वाटत नाही. त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही हेच म्हटले असते.

हाफकिन सक्तीच्या विरुद्ध होता. लोकांनी समजून टोचून घ्यावे असे त्याचे म्हणणे. या कामी त्याला मोठा हातभार लागला तो आगाखानांचा. हे आगाखान त्या वेळी विशीच्या आतले होते. त्यांनी लोकांसमक्ष स्वतः टोचून घेतले, माझगावचा आपला बंगला प्रयोगशाळेसाठी दिला, आणि त्यांच्यामागून हजारो खोजा लोक पुढे आले.

आता लसीची उणी बाजू. तिने येणारा ताप आजच्या लसींच्या मानाने कडक असे, कामकरी माणसाचे दोन-तीन दिवस बुडत, आणि संरक्षण मिळे ते काही महिन्यांपुरते. ताप किती चढतो हे पाहून हाफकिन मात्रा ठरवी. १८९८ साली नेमलेल्या प्लेग कमिशनने लस उपयोगी असल्याचे मान्य केले, परंतु ती खात्रीचे कवच नव्हे आणि तिची मात्रा बिनचूक ठरत नाही, अशी तक्रारही नोंदवली. ती रास्त होती. आज आपल्याला ठाऊक आहे की तापावरून संरक्षणाचे माप काढता येत नाही. एकाच बाटलीतली लस घेऊन एकाला ताप येतो, दुसऱ्याला काहीच होत नाही, आणि प्रतिद्रव्ये दोघांतही तयार होतात. तेव्हा तो बाटलीत पाणी असल्याचा संशय निराधार आहे. पण ताप दोन दिवसांपेक्षा जास्त टिकला, पोर सुस्त पडले किंवा धाप लागली, तर हा लसीचाच ताप म्हणून घरी बसू नये.

हाफकिनवर खरे संकट आले ते १९०२ साली. पंजाबात मुलकोवाल नावाचे एक गाव आहे, ते आता पाकिस्तानात गेले. ३० ऑक्टोबर रोजी तिथे १०७ जणांना प्लेगची लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मेले. ते सगळे एकाच बाटलीतून टोचलेले होते. बाकीच्या बाटल्यांतून ज्यांनी घेतले त्यांना काही झाले नाही. १९ माणसे, जी स्वतःच्या पायांनी टोचून घ्यायला आली होती! टोचल्यानंतरचा ताप सोसा, तो चांगल्याकरता आहे, असे ज्यांना सांगायचे त्यांच्यापुढे आता कोणत्या तोंडाने जायचे?

बाटली भरली होती मुंबईस, परळच्या प्रयोगशाळेत. हाफकिनने लस करण्याच्या रीतीत थोडा बदल केला होता, कार्बोलिक ॲसिड वगळले होते. चौकशी मंडळाने दोष मुंबईकडे लावला आणि हाफकिनला कामावरून दूर केले. पण गावातल्या टोचणीच्या वेळची एक गोष्ट नोंदली गेली होती. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता तसाच वापरला गेला. धनुर्वाताचा जंतू मातीत असतो, हे आपण जाणतोच. शिवाय बाटली उघडली तेव्हा तिला कसलाही वास नव्हता. धनुर्वाताचे जंतू कित्येक आठवडे आत वाढत असते तर दुर्गंधी आल्यावाचून राहती ना. लंडनच्या लिस्टर संस्थेने पुरावा पुन्हा तपासला. हिवतापाच्या शोधाबद्दल ज्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते रोनाल्ड रॉस आणि दुसरे काही शास्त्रज्ञ १९०७ च्या जुलैत 'टाइम्स' पत्रातून हाफकिनच्या बाजूने उभे राहिले. त्या वर्षाच्या अखेरीस तो निर्दोष ठरला. मधली पाच वर्षे गेली ती गेली. तो हिंदुस्थानात परतला, परंतु कलकत्त्यास, आणि पूर्वीसारखे मोठे काम त्याच्या हाती पुन्हा आले नाही.

परळची ती इमारत पूर्वी गव्हर्नराचा बंगला होती. १८८२ साली तिथेच गव्हर्नर फर्ग्युसन यांची पत्नी पटकीने वारली, आणि नंतर गव्हर्नरांनी तिथे राहणे सोडले. १८९९ साली तिथे प्लेगची प्रयोगशाळा आली. १९२५ साली तिला हाफकिनचे नाव देण्यात आले. तेव्हा तो हयात होता. १९३० साली स्वित्झर्लंडमध्ये लोझान येथे तो वारला. पुढे साहिबसिंग सोखी हे त्या संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांच्या काळात प्लेगच्या लसीचे रूप पालटले. मांसाचा रस्सा गेला, तुपाचे थेंब गेले, आणि लसीचा जोर माणसाच्या तापावरून न मोजता पांढऱ्या उंदरांवर मोजण्यात येऊ लागला. ज्या उंदरांच्या मरण्याने १८९६ साली मांडवीत सगळ्यांची पाचावर धारण बसली होती, त्यांचेच हे भाईबंद.