रसद जवळची की शेजारची?

आजचा विषय कर्नेल. पलटणीतला कर्नल नव्हे, ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा असलेला. पण डोक्याला ताप दोघांच्याही एकच : रसद.

2003 साली एएमडीचा ऑप्टेरॉन प्रोसेसर आला. त्याचा मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आतच होता. म्हणजे दोन प्रोसेसरच्या सर्व्हरमध्ये प्रत्येकाचं मेमरीचं कोठार आपापल्या दारात. अशा एका जोडीला नोड म्हणतात. शेजारच्या नोडवरून मेमरी मिळते, पण वेळ जास्त लागतो. सिक्वेंट आणि एसजीआयच्या महागड्या यंत्रांत ही रचना 1996 पासून होती. ऑप्टेरॉनने ती साध्या सर्व्हरमध्ये आणली. 2008 मध्ये नेहालेम घेऊन इंटेलही त्याच वाटेला लागली.

लिनक्सचा नियम असा की, जो मागेल त्याला शक्यतो त्याच्याच नोडवरून द्यायचं. ऐकायला चोख. पण 2010 मध्ये जेरेमी कोल यांनी एक विचित्र प्रकार मांडला. मायएसक्यूएलच्या सर्व्हरवर मेमरी शिल्लक असूनही डेटा डिस्कवर, म्हणजे स्वॅपमध्ये जात होता. डेटाबेसची एकच अवाढव्य प्रोसेस. तिने एका नोडचं कोठार संपवलं आणि शेजारचं तसंच पडून राहिलं. आता डिस्क ही शेजारच्या मेमरीपेक्षा कितीतरी पटींनी संथ! उपाय साधा होता : न्यूमासीटीएल वापरून सगळ्या नोडवर आळीपाळीने वाटप. थोडा ओबडधोबड, पण वेळ निभावणारा.

हे काम कर्नेलने स्वतःच का करू नये? 2012 मध्ये पीटर झिलस्ट्रा आणि आंद्रेया आर्कांजेली यांच्या दोन वेगळ्या योजना आमनेसामने आल्या. मेल गोरमन यांनी दोघांनाही चालेल असा पाया बांधला, आणि फेब्रुवारी 2013 च्या लिनक्स 3.8 मध्ये तो आला. युक्ती मला फार आवडते. कर्नेल मेमरीची काही पानं मुद्दाम ‘हात लावू नका’ अशी करून ठेवतो. कोणी हात लावला की अडतो, आणि मागणी कुठल्या नोडवरून आली ते कळतं. पुन्हा तिथूनच आली, तर पान तिकडे हलवायचं. अर्थात प्रत्येक नाकाबंदीला वेळ जातोच, त्यामुळे कधी फायद्यापेक्षा खर्च जड होतो.

2014 च्या 3.16 मध्ये आणखी एक जुनी सवय मोडली. आपल्या नोडवरची फाइलींची कॅश फेकून जागा करायची, पण शेजारी जायचं नाही, हा हट्ट काही यंत्रांवर आपोआप चालू व्हायचा. तो तेव्हापासून मुळातच बंद असतो. हवा असेल त्याने चालू करावा.