‘वऱ्हाड’ ह्या शब्दाची जोडणी: संगणकातील कार्यकाल-पद्धतीचा एक इतिहास

१

इ. स. १७२० च्या ऑगस्टमध्ये निजामुल्मुल्काने आलम अलीखानाचा बाळापूरजवळ पराभव केला. ह्या लढाईचे वर्णन करू पाहणाऱ्या अभ्यासकाला ‘बऱ्हाणपूर’ व ‘वऱ्हाड’ हे दोन शब्द टाळता येत नाहीत. कारण बऱ्हाणपूर त्यापूर्वीच निजामाच्या हाती आले होते, आणि मन व म्हैस ह्या नद्यांच्या संगमावर वसलेले बाळापूर हे वऱ्हाड सुभ्यातील मोगलांचे एक प्रमुख लष्करी ठाणे होते. ह्या दोन्ही शब्दांत मराठीचा विशेष असा अर्धा रकार येतो. त्याचे कार्य रफाराहून भिन्न आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, तर ‘दऱ्या’ हे दरीचे अनेकवचन. पहिल्या शब्दातील आद्य अक्षरावर आघात येऊन ते गुरू होते, दुसऱ्यातील लघूच राहते. आचार्यास दिलेला मान व आचाऱ्यास दिलेला पगार ह्यांतील भेदही ह्याच चिन्हावर अवलंबून आहे.

हस्तलिखितात हा भेद लेखकाचा हात करतो. खिळ्यांच्या छपाईत जुळारी करीत असे. संगणकात तो कोण करतो? ह्याचे उत्तर असे की, लिहिणारी आज्ञावली स्वतः तो करीत नाही. ती चालू असताना बाहेरून बोलाविलेला एक सामायिक नियमसंग्रह तो करतो. असा संग्रह कार्यकाली उचलण्याची पद्धती कशी उत्पन्न झाली आणि तिने मराठी लेखनास काय दिले व काय दिले नाही, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२

अनेक आज्ञावलींना लागणाऱ्या तयार कृतींच्या संग्रहास संगणकशास्त्रात लायब्ररी म्हणतात. जुन्या रीतीत आज्ञावली तयार करतानाच लायब्ररीतील आवश्यक कृतींची प्रत तिच्यात कायमची चिकटविली जाई. ही स्थिर जोडणी होय. तिचे गुण उघड आहेत: आज्ञावली स्वयंपूर्ण राहते व कोठेही नेता येते. दोषही तितकेच उघड आहेत. एकच कृती शंभर आज्ञावलींत शंभरदा साठविली जाते. आणि तीत चूक आढळली तर त्या शंभरही पुन्हा जोडाव्या लागतात.

ह्यावर पहिला व्यापक उपाय मल्टिक्स ह्या प्रणालीत दिसतो. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्था, बेल प्रयोगशाळा व जनरल इलेक्ट्रिक ह्यांनी हाती घेतलेल्या ह्या प्रणालीचे आराखडे १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. डेली व डेनिस ह्यांनी १९६८ मध्ये तिच्यातील जोडणीचे सविस्तर विवेचन केले. आज्ञावलीत बाह्य कृतीचा पत्ता लिहिलेला नसे. केवळ नाव असे. त्या नावाचा प्रथम उल्लेख होताच यंत्र थबके, प्रणाली त्या नावाचा विभाग शोधून काढी, त्याचा पत्ता नावाच्या जागी लिही आणि काम पुढे चालू होई. पुढील प्रत्येक उल्लेखास तो पत्ता तयार मिळे. म्हणजे शोधाचे श्रम एकदाच, आणि तेही गरज पडली तरच.

मल्टिक्समधून बेल प्रयोगशाळा १९६९ मध्ये बाहेर पडली. त्यानंतर तिच्यात जन्मलेल्या युनिक्सने साधेपणासाठी ही योजना सोडून दिली, व पुढे दीर्घकाळ तेथे स्थिर जोडणीच चालली. खिडक्यांची चित्रमय माध्यमे आल्यावर लायब्ऱ्या अवजड झाल्या आणि सोडलेला विचार पुन्हा धरावा लागला. सन कंपनीच्या अभियंत्यांनी सामायिक लायब्रऱ्यांची आपली रचना १९८७ मध्ये मांडली. तीत लायब्ररीची एकच प्रत स्मृतीत राहून अनेक आज्ञावली तिचा उपयोग करीत. मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमध्ये तर असे विभाग १९८५ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच होते.

येथे दोन पायऱ्यांतील भेद ध्यानी घेतला पाहिजे. पहिलीत आज्ञावलीस कोणत्या लायब्ऱ्या लागतील ते आधीच नोंदलेले असते. आरंभी त्या आणून जोडल्या जातात. दुसरीत आज्ञावली चालू असता, समोर आलेला प्रसंग पाहून, लायब्ररीचे नाव ठरविते, ती उचलण्याची विनंती करते आणि तीतील कृती नावाने मागून घेते. युनिक्सच्या परिवारात ‘डीएल-ओपन’ व ‘डीएल-सिम’ ह्या दोन कृतींनी हे साधते. आज्ञावली रचणाऱ्यास ज्याची कल्पनाही नव्हती असा नियमसंग्रह तिला ह्यामुळे वापरता येतो. मराठीच्या दृष्टीने महत्त्वाची पायरी ती हीच.

३

संगणकावरील आरंभीच्या मराठी लेखनात अक्षरांची चित्रे फाँटमध्ये ठरलेली असत आणि दस्तऐवजात त्या चित्रांचेच क्रमांक साठविले जात. एका फाँटमधील ‘वऱ्हाड’ दुसऱ्यात निरर्थक चिन्हांची रांग होई. ही वर्णांची नव्हे, आकारांची नोंद होती. स्थिर जोडणीचा दोष येथे मजकुरातच शिरला होता.

१९९१ चे भारतीय प्रमाण आय.एस. १३१९४ आणि त्याच वर्षी आरंभलेले युनिकोड ह्यांनी वर्ण साठवावेत, आकार नंतर ठरवावा, हे तत्त्व स्वीकारले. परंतु मग आकार ठरविणारे कोणी तरी हवे. विंडोज २००० मध्ये देवनागरीसाठी ते काम युनिस्क्राइब ह्या सामायिक लायब्ररीकडे आले. मुक्त प्रणालींत २००२ च्या सुमारास पँगो ही लायब्ररी रूढ झाली. तीत निरनिराळ्या लिप्यांसाठी स्वतंत्र विभाग होते व मजकुराची लिपी पाहून योग्य तो विभाग कार्यकाली उचलला जाई. केवळ इंग्रजी मजकूर असेल तर भारतीय लिप्यांचा विभाग स्मृतीत येण्याचे कारणच नसे. उलट, तो विभाग यंत्रावर बसविलेला नसेल तर मराठी अक्षरे सुटी, विस्कळित दिसत. पुढे सर्व लिप्यांचे नियम हार्फबझ ह्या एकाच लायब्ररीत एकवटले. तिच्या नावातही अक्षर आहेच: फारसी ‘हर्फ’ म्हणजे अक्षर व ‘बाझ’ म्हणजे उघडे. २०१५ मध्ये पँगोतील ते सुटे विभाग काढून टाकण्यात आले. सुटेपणा गेला, सामायिकता राहिली.

४

व्याकरणाच्या अभ्यासकास ह्या इतिहासात एक ओळखीचा वाद दिसेल. पाणिनीय परंपरेत संज्ञासूत्रे व परिभाषासूत्रे ह्यांविषयी दोन पक्ष आहेत. यथोद्देशपक्षानुसार ती जेथे सांगितली तेथेच त्यांचा अर्थ सिद्ध होतो. कार्यकालपक्षानुसार कार्य उपस्थित झाले म्हणजे ती त्या कार्यविधीजवळ येऊन त्याच्याशी एकवाक्यता पावतात. काशीत राहिलेल्या नागोजीभट्ट काळे ह्यांनी अठराव्या शतकात ‘परिभाषेन्दुशेखरा’च्या आरंभीच ह्या पक्षांची चर्चा केली, आणि पुण्यास डेक्कन कॉलेजात असताना कीलहॉर्नने तो ग्रंथ १८६८ ते १८७४ ह्या काळात संपादून अनुवादिला. नियम एकदाच सांगावा, नावाने निर्देशावा आणि गरजेच्या वेळी उपस्थित करावा, ही लाघवाची दृष्टी दोन्हीकडे समान आहे.

साम्य मात्र येथेच संपते. अष्टाध्यायीचा सूत्रपाठ निश्चित आहे. लायब्ररी सकाळी एक व सायंकाळी दुसरी असू शकते. अर्ध्या रकाराचा नियम तीत सुधारला की त्याच यंत्रावरील तिच्या आश्रयाने चालणाऱ्या सर्व आज्ञावली, स्वतः न बदलता, ‘वऱ्हाड’ नीट लिहू लागतात. नियम बिघडला तर त्या सर्व एकदमच चुकतात. एकच मजकूर दोन यंत्रांवर भिन्न दिसण्याचे एक कारण हेच होय.

५

ह्याहून गंभीर प्रश्न दृष्टीआड राहतो. ‘वऱ्हाड’मधील अर्धा रकार युनिकोडात दोन मार्गांनी लिहिता येतो. एक, ‘ऱ’ व हलन्तचिन्ह; हा ‘ऱ’ मुळात द्राविडी भाषांतील वर्त्स्य रकाराच्या लिप्यंतरासाठी ठेवलेला आहे. दुसरा, साधा ‘र’, हलन्तचिन्ह व त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. हा मार्ग १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगती राखण्यासाठी टिकविला आहे. लायब्ररी दोहोंचे चित्र एकच काढते, म्हणून वाचकास भेद दिसत नाही. पण प्रमाणाच्या दृष्टीने ह्या दोन रांगा समान नाहीत. बाळापूरविषयक कागदपत्रांचा संग्रह दोन हातांनी दोन रीतींनी टंकित झाला असेल, तर त्यात ‘वऱ्हाड’ शोधणाऱ्यास निम्मे उल्लेख सापडणार नाहीत, आणि सापडले नाहीत हे त्यास कळणारही नाही.

कार्यकाल-पद्धतीने आकाराचा प्रश्न सोडविला. तिने पाठाचा प्रश्न सोडविलेला नाही, उलट झाकला आहे. आकार उद्या दुरुस्त करता येतो, कारण त्याचा निर्णय आपण लायब्ररीवर सोपविला आहे. पाठ मात्र साठविण्याच्या क्षणी ठरतो आणि तेथे यथोद्देशच चालतो. म्हणून ऐतिहासिक साधनांचे संगणकीय संग्रह सिद्ध करणाऱ्या विभागांनी दोहोंपैकी एक रीत आरंभीच निश्चित करावी, ती संग्रहाच्या प्रस्तावनेत नोंदवावी, आणि जुन्या मजकुराचे त्यानुसार एकरूपीकरण केल्याविना शोधाच्या निष्कर्षांवर विसंबू नये. हे काम कोणतीही लायब्ररी करणार नाही; ते पाठचिकित्सेचे आहे, आणि म्हणून आपले आहे.