मुलकी कोण? हैदराबाद राज्यातील एका जुन्या वादाचा मागोवा

पुण्यामुंबईकडील वाचकाला 'मुलकी' हा शब्द दिसला म्हणजे मुलकी खाते, मुलकी पाटील, मुलकी वसूल यांची आठवण होते. लष्करी नव्हे ते मुलकी, एवढाच त्याचा तिकडे अर्थ. जुन्या हैदराबाद राज्यात ज्यांची घरे होती त्या मराठी कुटुंबांत मात्र ह्या शब्दाने निराळेच चित्र उभे राहते. मुलकी म्हणजे ह्या मुलखातला, येथला. आणि गैरमुलकी म्हणजे बाहेरून आलेला, उपरा. एक शब्द, पण त्याच्या ह्या दुसऱ्या अर्थापायी सुमारे शंभर वर्षे तंटे झाले, कायदे झाले, आणि शेवटी रस्त्यावर रक्तही सांडले. राज्यकारभाराविषयीचा लोकांचा असंतोष आणि बाहेरून येणाऱ्यांना आवर घालण्याची मागणी ह्या दोन गोष्टी एकमेकींत कशा मिसळतात, हे समजून घेण्यास ह्या शब्दाचा इतिहास फार उपयोगी आहे, असे आम्हांस वाटते.

ह्या कथेचा आरंभ पहिल्या सालारजंगापासून करणे योग्य होईल. ते १८५३ साली दिवाण झाले तेव्हा संस्थानाचा खजिना रिता होता आणि वसुलाची व्यवस्था मक्तेदारांच्या व सावकारांच्या हाती गेली होती. १८६५ च्या सुमारास त्यांनी जिल्ह्यांची रचना केली, पगारी अधिकारी नेमले, न्याय, पोलीस, शिक्षण अशी खाती उभारली. ह्या नव्या कारभाराला नव्या शिक्षणाची माणसे हवी होती. ती दरबारच्या जुन्या घराण्यांत मिळेनात. म्हणून उत्तर हिंदुस्थानातून माणसे आणविण्यात आली. पुढे मोहसिनुल्मुल्क म्हणून प्रसिद्धीस आलेले सय्यद मेहदी अली, विकारुल्मुल्क मुश्ताक हुसेन, सय्यद हुसेन बिलग्रामी, चिराग अली ही त्यांपैकी ठळक नावे. ही मंडळी कर्तबगार होती, यात शंका नाही. परंतु एका कर्तबगार माणसामागून त्याच्या नात्यागोत्यातील चार माणसे येतात, ही जगाची रीत आहे. सालारजंग जिवंत होते तोवर त्यांनी जुन्या व नव्यांचा तोल सांभाळला. १८८३ त त्यांचे निधन झाले आणि १८८४ च्या सुमारास कचेऱ्यांतील फारसीची जागा उर्दूने घेतली. उत्तरेकडून आलेल्यांची ती घरची भाषा. त्यामुळे त्यांचा वरचष्मा झाला. 'मुलकी' हा शब्द तक्रारीचा शब्द बनला तो ह्याच काळात.

ह्या तक्रारीला पक्के कायदेशीर रूप आले ते १९१९ च्या नियमांनी. मुलकी कोण, हे त्या नियमांनी ठरवून दिले. जन्माने जो हैदराबाद संस्थानचा प्रजाजन तो मुलकी. ज्याच्या जन्माच्या वेळी त्याचा बाप सरकारी नोकरीत असून त्या नोकरीची पंधरा वर्षे भरलेली होती, तोही मुलकी. मुलकी पुरुषाची पत्नीही मुलकी. आणि बाहेरून आलेल्याने मुलकी व्हावयाचे असेल तर त्याने संस्थानात निदान पंधरा वर्षे कायम वास्तव्य केलेले असावे आणि आपल्या पूर्वीच्या ठिकाणी परत जाण्याचा विचार सोडून दिल्याचे ठराविक नमुन्यावर, मॅजिस्ट्रेटसमोर, प्रतिज्ञेवर लिहून द्यावे. मुलकी नसलेल्याला नोकरीत घ्यावयाचे तर खास मंजुरी लागे. ह्यातील शेवटच्या अटीकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. पंधरा वर्षे मोजता येतात. परत जाण्याचा विचार मोजण्याचे माप मात्र कोणत्याही कचेरीत नसते. तेथे कागदावरच भिस्त ठेवावी लागते. आणि जेथे भिस्त कागदावर असते तेथे कागदाला भाव येतो.

ह्या नियमांचा लाभ कोणाला झाला? परभणीचा किंवा बीडचा कुणबी पिढ्यान्‌पिढ्या ह्या भूमीत राबलेला. त्याच्याइतका मुलकी दुसरा कोण? संस्थानातील सुमारे एक चतुर्थांश लोकांची भाषा मराठी होती. तेलुगू भाषिक तर जवळजवळ निम्मे होते. पण दप्तर उर्दूत, वरचे शिक्षण उर्दूत, आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो प्रयोग हिंदुस्थानात मोठा होता, हे मान्य केले पाहिजे. तथापि उर्दू ही संस्थानातील दहा-बारा टक्क्यांचीच मातृभाषा होती, हेही विसरता येत नाही. म्हणजे बाहेरच्यासाठी जन्माची अट आणि आतल्यासाठी भाषेची अट, अशी दुहेरी दारे होती. मराठी माणूस पहिल्या दारातून आत आला तरी दुसऱ्या दाराशी अडे. १९०७ साली केशवराव कोरटकर व वामनराव नाईक यांच्या पुढाकाराने हैदराबादेत विवेकवर्धिनी शाळा निघाली, तिचे मोल ह्या पार्श्वभूमीवर ध्यानी येते. मुलकीपणाचा कागद आमच्या लोकांपाशी होता. त्या कागदावर मिळणाऱ्या नोकरीची पात्रता देणारी शाळा नव्हती.

पुढे उस्मानियाचे पदवीधर बाहेर पडू लागले आणि त्यांनाही बाहेरच्या माणसांची स्पर्धा जाणवू लागली. १९३५ साली निजामाच्या प्रजाजनांचा संघ निघाला. त्यालाच मुलकी लीग म्हणत. हैदराबाद हैदराबादकरांचे, ही त्याची मागणी. हिंदू व मुसलमान दोघेही त्यात होते आणि नोकऱ्यांबरोबर जबाबदार राज्यपद्धतीचाही उच्चार त्यात होता. पुढच्या काही वर्षांत धर्माच्या नावावर तट पडले आणि ही समाईक भूमी नाहीशी झाली. हैदराबादच्या इतिहासातील ही एक हुकलेली संधी होती, असे आम्हांस वाटते.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची सत्ता संपली. लष्करी गव्हर्नर म्हणून जनरल चौधरी आले. रझाकारांशी लागेबांधे असल्याच्या संशयावरून अनेक अधिकारी दूर झाले होते. त्यांच्या जागी मद्रास, मुंबई व मध्यप्रांत येथून माणसे पाठविण्यात आली. मुख्य मुलकी प्रशासक डी. एस. बखले हे मुंबईकडील मराठी अधिकारी होते. म्हणजे ह्या वेळी गैरमुलकी म्हणून येणाऱ्यांत आपली माणसेही होती. ह्याच सुमारास अरब व पठाण यांची धरपकड झाली आणि त्यांतील पुष्कळांना देशाबाहेर धाडण्यात आले. ह्यांपैकी कित्येकांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात शिपाईगिरीसाठी आलेले. कित्येकांच्या आया ह्याच मातीतल्या. भोसल्यांच्या व पेशव्यांच्या पदरीही अरब शिपाई होते, हे मराठी वाचकास सांगावयास नको. रझाकारी अत्याचारांत ज्यांचा हात होता त्यांना शासन होणे न्यायाचेच होते. परंतु अपराध माणसाचा पाहावयाचा की त्याच्या पूर्वजांचा मुलूख, हा भेद अशा घाईत पुसट होतो, तसा तो येथेही झाला.

१९५० च्या २६ जानेवारीस वेल्लोडी मुख्यमंत्री झाले. तेही बाहेरचे सनदी अधिकारी. कारभारात इंग्रजीचे महत्त्व वाढले. काल ज्याची उर्दू उत्तम तो लायक; आज त्याच उर्दूची किंमत उरली नाही. इंग्रजी शिकलेले उमेदवार शेजारच्या मद्रास प्रांतात मुबलक होते. तात्पुरते म्हणून आलेले अधिकारी परतले नाहीत आणि त्यांच्या पाठोपाठ खालच्या जागांवरही बाहेरचे लोक येऊ लागले, अशी ओरड सुरू झाली. मुलकी नियम तर अमलात होतेच! मग हे घडले कसे? लोकांचे म्हणणे असे की, मुलकी सर्टिफिकिटे खोटी मिळतात. जो नियम बाहेरच्याला अडविण्यासाठी केला त्याच नियमाचा कागद हाती घेऊन बाहेरचा आत येतो, हे पाहून लोकांचा संताप वाढला.

मार्च १९५२ मध्ये निवडणुकीनंतर बुर्गुल रामकृष्णराव यांचे लोकनियुक्त सरकार आले. त्याच उन्हाळ्यानंतर वरंगळ येथे ठिणगी पडली, आणि ती पडली शिक्षण खात्यात. शाळाखात्यात बाहेरच्या शिक्षकांच्या नेमणुका होतात, अशी तक्रार होती. चौकशी सुरू झाली, विद्यार्थी मिरवणुकीने निघाले, लाठीमार झाला. शिक्षकाच्या जागेवरून हे सर्व पेटावे, ह्यात आम्हांस नवल वाटत नाही. खेड्यातून शिकून वर आलेल्या मुलाला मास्तरकीची नोकरी हीच पहिली पायरी असते. तीच हातची गेली तर पुढचा जिनाच नाहीसा होतो.

आंदोलन राजधानीत पोचले. 'गैरमुलकी गो बॅक', 'इडली सांबार गो बॅक' अशा घोषणा दुमदुमल्या. ३ सप्टेंबर १९५२ रोजी सिटी कॉलेजच्या परिसरात व दुसऱ्या दिवशीही पोलिसांनी गोळीबार केला. तरुण मुले मेली. गृहखाते त्या वेळी दिगंबरराव बिंदू यांच्याकडे होते. निजामी राजवटीविरुद्ध झगडलेल्या मराठवाड्याच्या ह्या नेत्याच्या वाट्यास अवघ्या चार वर्षांनी हा प्रसंग यावा, हे दुर्दैव होय. न्यायमूर्ती पिंगळी जगन्मोहन रेड्डी यांनी गोळीबाराची चौकशी केली. मंत्र्यांची एक उपसमितीही मुलकी नियमांचा विचार करण्यास नेमली गेली.

त्या घोषणांचा थोडा विचार केला पाहिजे. इडली-सांबार खाणारा कोण? तुटपुंज्या पगारावर परगावी आलेला कारकून, नाहीतर शाळामास्तर. खोट्या सर्टिफिकिटावर सही करणारा अधिकारी कोण, ते मंजूर करणारा कोण, तीन वर्षे लोकनियुक्त सरकारावाचून राज्य चालले ते कोणाच्या इच्छेने, ह्या प्रश्नांना घोषणेत जागा नव्हती. विद्यार्थ्यांचे दुःख खरे होते, हे आम्ही निःसंशय म्हणतो. ज्या मुलाने राज्याने सांगितलेली भाषा घोकली आणि ती घोकून होताच राज्याने दुसरी मागितली, त्याने कोणाकडे पाहावे? पण कारभाराला चेहरा नसतो, आणि परक्याला असतो. म्हणून कारभारावरचा राग चेहऱ्यावर उतरतो. सरकारालाही हे सोयीचे पडते. नियम कडक करण्याचे आश्वासन देता येते. ज्या कचेरीत नियम विकला जातो ती कचेरी सुधारण्याचे काम मात्र पुढे ढकलता येते.

पुढील हकीकत थोडक्यात सांगतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन वाटे झाले. मराठवाड्याचे पाच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले, कानडी भाग म्हैसूरकडे, तेलंगण आंध्रकडे. मुलकीचा प्रश्न तेलंगणाबरोबर गेला. १९५७ साली संसदेने तेथील नोकऱ्यांसाठी रहिवासाची अट राखणारा कायदा केला. ती तरतूद १९६९ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविली, आणि त्याच वर्षी तेलंगणात मोठे आंदोलन चालू होते. ऑक्टोबर १९७२ मध्ये त्याच न्यायालयाने १९१९ चे मूळ नियम वैध असल्याचा निर्णय दिला, तेव्हा आंध्र भागात उलट आंदोलन उसळले. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो' ह्या कादंबरीचा तेलुगू अनुवाद करणारे पी. व्ही. नरसिंह राव त्या वेळी मुख्यमंत्री होते. जानेवारी १९७३ त त्यांचे सरकार जाऊन राष्ट्रपती राजवट आली. अखेर त्याच वर्षी मुलकी नियम रद्द झाले आणि घटनादुरुस्तीने दुसरी व्यवस्था केली गेली. २ जून २०१४ रोजी तेलंगण स्वतंत्र राज्य झाले, त्यामागेही नोकऱ्यांचे हे जुने गाऱ्हाणे होतेच.

आम्हां मराठी भाषिकांना ह्या इतिहासात एकच एक बाजू घेऊन बसता येत नाही. बीड-परभणीचा मराठी माणूस मुलकी असून उपेक्षित होता. मुंबईहून आलेला मराठी अधिकारी गैरमुलकी असून सत्ताधारी होता. आणि १९५६ नंतर हैदराबादेतच राहिलेली मराठी कुटुंबे, मुलूख पलीकडे गेला तरी, येथली म्हणूनच राहिली. इकडे १९६६ पासून मुंबईत 'भूमिपुत्र' हा शब्द गाजू लागला, तेव्हा मागणी तीच होती, फक्त बोलणारे आपण होतो. तिकडेही बेकारीचे दुःख खरे होते आणि तिकडेही रागाचा पहिला धनी परगावचा कारकूनच ठरला.

स्थानिकांच्या मुलांना नोकऱ्यांत न्याय्य वाटा मिळावा, ही मागणी आम्ही गैर मानीत नाही. परंतु हैदराबादचा अनुभव असा की, ती मागणी सर्टिफिकिटाने पुरी झाली नाही. जेथे गावची शाळा चांगली निघाली आणि नेमणुका उघडपणे झाल्या, तेथेच ती काही अंशी पुरी झाली. जुन्या नियमांत परत जाण्याचा विचार सोडल्याचे लिहून द्यावे लागे. आमच्या वाडवडिलांनी ते लिहून दिले असेल वा नसेल. त्यांनी येथे शाळा काढल्या, ग्रंथालये उभारली, आणि ती अजून चालू आहेत.