इंजिनाचा ताप आणि फसवा काटा

1912च्या सुमारास अमेरिकेतल्या मोटारींच्या रेडिएटरवर, अगदी झाकणावरच, एक गोल तापमापक दिसू लागला. हॅरिसन बॉइस यांचा हा ‘मोटोमीटर’. त्यातला लाल द्रव किती चढला, हे चालकाला समोरच्या काचेतून दिसे. तोवर गाडी तापल्याचं कळायचं ते बोनेटमधून वाफ उसळल्यावरच.

फोर्डच्या बहुतेक ‘मॉडेल टी’ गाड्यांत पाण्याचा पंप नव्हता. तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढे, रेडिएटरमध्ये निवून खाली उतरे. मोटोमीटरचं टोक मात्र या पाण्यात बुडलेलं नसे; पाण्यावरच्या मोकळ्या जागेत लोंबत असे. पाणी वरच्या नळीखाली गेलं की अभिसरण थांबे, इंजिन भाजून निघे आणि वाफ वर पोचेपर्यंत तापमापक बिनधास्त थंड राही. इशाऱ्याची खरी गरज असताना तो उशिरा येई.

हाच दोष पुढे रूपं बदलत राहिला. कारण हे मीटर इंजिनाच्या धातूचं तापमान मोजतच नाही. एका जागचं तापमान सांगतं, तेही मध्यस्थांमार्फत.

तापमापक डॅशबोर्डवर आला तेव्हा मध्यस्थ होती केसासारखी बारीक तांब्याची नळी. इंजिनातल्या बल्बमधल्या ईथरची वाफ दाब वाढवी आणि काटा हले. नळीला चीर गेली की ईथर उडून जाई आणि काटा कायमचा ‘थंड’वर पडे.

विजेवर चालणारं मीटर आलं आणि फसवणूक आणखी गुंतागुंतीची झाली. 1960च्या दशकातल्या अनेक ब्रिटिश गाड्यांत स्मिथ्स कंपनीची मीटरं असत. बॅटरीचा दाब कमीजास्त झाला तरी काटा हलू नये म्हणून त्यांना एक छोटा स्टॅबिलायझर जोडलेला असे. त्यातली द्विधातू पट्टी तापून वाकली की वीज तुटे, निवली की जुळे. अशा उघडझापीतून सरासरी 10 व्होल्ट मिळत. पण स्टॅबिलायझरचं अर्थिंग सुटलं की पट्टी तापत नसे, वीज तुटत नसे आणि बॅटरीचा पूर्ण दाब मीटरला मिळे. मग इंजिन ठणठणीत असूनही काटा लाल पट्ट्याकडे धावे. तपासाचा धागाही तिथेच असे: पेट्रोलचं मीटरही त्याच स्टॅबिलायझरवर चाले. टाकी अर्धी असताना तेही जास्त दाखवू लागलं, तर दोष रेडिएटरमध्ये नसून विजेत आहे, हे कळे.

फक्त तापमानाचाच काटा चुकत असेल तर मेकॅनिक सेंडरकडे, म्हणजे इंजिनाच्या पाण्यात बसवलेल्या तापमान-संवेदकाकडे, वळतो. अशा बहुतेक मीटरांत वायर काढली की काटा थंडाकडे जातो; ती क्षणभर इंजिनाला टेकवली की गरमकडे. दोन्ही झालं तर मीटर आणि वायर ठीक. मग सेंडर काढून पातेल्यातल्या पाण्यात धरायचा आणि पाणी तापेल तसा मल्टीमीटरवर त्याचा रोध उतरतो का, ते पाहायचं. सेंडर चांगला असूनही त्याच्या आट्यांवर जाड टेफ्लॉन टेप गुंडाळल्यामुळे अर्थिंग बिघडतं आणि काटा कमी तापमान दाखवतो. सर्वांत घातक प्रकार पाणी गळाल्याचा: सेंडर पाण्याऐवजी हवेत राहतो आणि इंजिन करपत असतानाही काटा खाली उतरतो.

नंतरच्या अनेक गाड्यांत संगणक काट्याला मुद्दाम मध्यावर रोखून धरतो. तापमान दहा-वीस अंश सरकलं तरी तो हलत नाही. म्हणून जुनी गाडी असो वा नवी, शंका आली की जाणता मेकॅनिक आधी गार इंजिनात पाणी पाहतो, मग थर्मोस्टॅटच्या आवरणावर इन्फ्रारेड तापमापक रोखतो आणि तो आकडा काट्याशी ताडून पाहिल्यावरच रेडिएटरला हात लावतो.